पाच लिटर द्रावण

मिलिंदनगर, नाशिकरोड
ता. १५ फेब्रुवारी २००४

ती. आत्याबाई यांचे सेवेशी,

सविताचा सविनय जयभीम. आपला गुडघा त्या हिरव्या तेलानं हलका झाला असेल अशी आशा करते. (झाला नसेल तर ते तेल देणाऱ्या माणसाचं नाव-गाव कळवावे, मी स्वतः भेटून येते.) किशोरदादाची रात्रपाळी बदलली का, नळाला पाणी किती वाजता येतं आणि छपराचा तो कोपरा पावसाळ्याआधी शाकारून होणार का, हे सविस्तर कळवावे. इथे आम्ही सर्व खुशाल आहोत.

आमचे वडील सांगायचे, बोलताना आत्याला तू म्हटलं तर चालेल, पण पत्रात आपण लिहायचं, कारण पत्र पोस्टमनही वाचतो. एक परिच्छेद मी पाळलं. आता मान अवघडली, तेव्हा पुढे तू म्हणते, पोस्टमननं माफ करावं. फोनच केला असता गं, पण फोन नवसाबाईच्या घरी. ती तुला हाक मारायच्या आधी माझी सगळी चौकशी करते आणि मग तुझ्या शेजारी उभी राहून ऐकलेलं एकेक वाक्य मोठ्यानं परत म्हणते. मला जे सांगायचंय त्यातला मुख्य शब्द तिच्या तोंडून अख्ख्या चाळीला ऐकू जावा असं मला वाटत नाही. म्हणून पत्र. तुझ्याकडे काही काम वगैरे नाही, सहज लिहितेय.

तू लग्नाकार्यात लोकांना सांगतेस ना, की आमची सविता म्युझियममध्ये फोटो पुसते. पूर्वी मला राग यायचा. दोन वर्षं लखनौला राहून, हिवाळ्यात बर्फासारख्या पाण्यानं बाटल्या धुऊन मी हे शिकले, आणि तू ते 'फोटो पुसते' यात बसवलंस. पण आता वाटतं, बरोबरच आहे. जुनी चित्रं पुसायची, फाटलेली सांधायची, आणि आपला हात कुठे लागला होता हे कोणाला दिसू द्यायचं नाही, हाच आमचा धंदा. याला संवर्धन म्हणतात. काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लोक विचारतात, बाई, तुम्ही नक्की केलंत काय?

हाच प्रश्न आता आमच्या मंडळालाही पडलाय. देशभरातल्या संवर्धकांचं एक मंडळ आहे. त्यांनी ठरवलं की कोणीही उठावं, हातात कापूस घ्यावा आणि स्वतःला संवर्धक म्हणवावं, हे बंद. यापुढे प्रमाणपत्र. आणि ते द्यायचं कोणी? तर आपल्याच धंद्यातल्या दोघांनी. ते दोघे येणार, आपण केलेलं काम भिंग लावून बघणार, प्रश्न विचारणार आणि गुण देणार. याला समकक्ष परीक्षण म्हणतात. (दोन जावांनी तिसरीच्या भाकरी उलटून-पालटून बघाव्यात तसं. खोट नाही सापडली तर ती काढायला त्या पुन्हा येतात.) मी हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या म्युझियमनं पत्र दिलं की एप्रिलपासून कंत्राटी जागेवर फक्त प्रमाणित माणूस घेतला जाईल. म्हणजे मार्चअखेर कागद हातात नसला की आठ वर्षांची नोकरी गेली. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण तू नवसाबाईच्या फोनवरून रोज विचारलं असतंस.

अर्जाबरोबर नुकतंच केलेलं एक काम दाखवायचं होतं. माझं नशीब असं की तेव्हाच पंचवटीतल्या एका कीर्तन मंडपाच्या ट्रस्टचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्याकडे तेरा तैलचित्रं आहेत. दहा अवतार, आणि वर तीन बुवा. (नववं चित्र कोणाचं ते तुला सांगत नाही, तू भडकशील. त्यावरून ट्रस्टशी भांडण काढायचं मी पक्कं ठरवलंय, पण प्रमाणपत्र हातात आल्यावर.) ही चित्रं आधीच समईच्या काजळीनं काळवंडलेली, त्यात गेल्या वर्षी सिंहस्थ. देशभरातून आलेल्या माणसांनी दोन महिने तिथं इतका धूप आणि इतक्या उदबत्त्या जाळल्या, की शेवटी कुठला अवतार कुठला हे फक्त भिंतीवरच्या क्रमावरून कळायचं. विंचूरकडचा एक पाटी रंगवणारा येऊन सांगून गेला होता की काळं झालेलं पुसत काय बसता, मी त्यावरच ऑइलपेंटनं ताजे दहा काढून देतो, वर चमकी फुकट. ट्रस्टमधल्या निम्म्या लोकांना चमकी पसंत होती.

ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब जानोरकर. वय शहात्तर, उंच, सरळ, आणि सोवळ्याचे असे कडक की त्यांच्या हातात वस्तू द्यायची तर खाली ठेवायची, मग ते उचलतात. माझ्याशी वागायला मात्र सभ्य. आडनाव विचारलं, मी पगारे सांगितलं, ते "बरं" म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी मला काही देताना ते टेबलावर ठेवायला सुरुवात केली. मी वाईट वाटून घेतलं नाही, कारण चिटणिसांनाही ते तसंच देतात, आणि ते चिटणीस त्यांचे सख्खे भाचे आहेत. आप्पांनी सांगितलं, आधी एक चित्र करून दाखवा. आवडलं तर बाकीची बाराही तुमची, नाही तर विंचूरचा आहेच.

मी वामनाचं चित्र निवडलं, कारण ते सगळ्यात लहान. आता इथं तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते, आणि पत्र लिहायचं कारणही तेच आहे. तेलकट काजळी पुसायला बाजारात शंभर रसायनं मिळतात. ती काजळी काढतात आणि अनेकदा खालचा रंगही काढतात. पण सगळ्यात सौम्य, सगळ्यात भरवशाचं आणि जगभरच्या मोठमोठ्या संग्रहालयांत वापरलं जाणारं जे द्रावण आहे, ते म्हणजे थुंकी. थट्टा नाही. तिच्यात अन्न पचवणारा जो गुण असतो तो काजळीही सोडवतो आणि रंगाला धक्का लावत नाही. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा, चित्रावर अलगद फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. शेवटी शुद्ध पाण्याचा हात. लखनौला आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, गोड खाऊन येऊ नका आणि पान तर मुळीच नको.

देवाच्या चित्रावर सगळ्यांसमोर हे करणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी मंडपाच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा लावून घेतला. रोज चार तास मी आणि वामन पडद्याआड. बाहेर ट्रस्टचा शिपाई सहादू राखणीला. हा पेठकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा, स्वभावानं मोकळा. दोन दिवस तो मला पडद्याआड तोंडात काहीतरी घालताना आणि काढताना फटीतून बघत होता. तिसऱ्या दिवशी पडद्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, चुना हाय माझ्याकडं. लागंल तवा मागा, लाजू नका." त्याला वाटलं मी तंबाखू खाते. मी त्याला खरं सांगितलं. तो खाली बसला आणि तोंडात पंचा कोंबून इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "मी नाय कुनाला सांगनार. पर देव बेस उजळतोय, हे बी खरं." तेव्हापासून आमची गट्टी झाली.

आठव्या दिवशी पडदा काढला. वामनाच्या हातातली छत्री सिंहस्थाच्याही कितीतरी आधीपासून कोणी पाहिली नव्हती. पिवळी धमक छत्री, तिची काडीन् काडी, वर नाजूक झालर, आणि पायाशी बळीराजाच्या मुकुटातले खडे. आप्पा चष्मा लावून अर्धा तास उभे होते आणि तेवढ्या वेळात एकच वाक्य बोलले, "छत्री आली." मग त्यांनी चिटणिसांना हाक मारली आणि सांगितलं, हे जे काही द्रावण आहे ते ट्रस्टसाठी पाच लिटर मागवून ठेवा.

आत्या, मी काय बोलणार? मी म्हटलं, ते तयार मिळत नाही, ताजं करावं लागतं. आप्पा म्हणाले, उत्तम, ताजं पाच लिटर करा. चिटणिसांनी कंपनी विचारली. आप्पांच्या पुतण्याची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, त्यानं फोन करून विचारलं की हे द्राक्षाच्या औषधांच्या दुकानात मिळतं का, आणि मिळत असलं तर द्राक्षावरच्या भुरी रोगावर चालेल का. मी रोज नवीन थाप मारत होते. एक दिवस म्हणाले थंडीत कमी बनतं, दुसऱ्या दिवशी म्हणाले टिकत नाही. सहादू मागे उभा राहून छताकडे बघायचा. अर्जातल्या रकान्यात मी 'नैसर्गिक, विकरयुक्त द्रावण' (विकर म्हणजे तोच पचवणारा गुण) असं लिहून पाठवलं आणि स्वतःवर खूश होते.

तीन तारखेला परीक्षक आले. मुंबईच्या कुमुद वागळेबाई, बुटक्या, बॅगेत स्वतःचा दिवा घेऊन फिरणाऱ्या. आणि कोलकात्याचे बागचीबाबू, ज्यांना मराठी येत नाही आणि हिंदी येते असं त्यांना वाटतं. मला वाटलं होतं दोघे गोड बोलून चहा घेऊन जातील. त्यांनी वामनाला भिंतीवरून उतरवला आणि आडवा, उभा, मागून, पुढून, उजेडात, अंधारात आणि निळ्या दिव्यात तपासला. बागचीबाबू पोटावर झोपून झालर बघत होते. दीड तासानंतर वागळेबाई म्हणाल्या की खोट नाही, आणि बागचीबाबूंचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला काहीतरी सापडायला हवं असतं, मी समजू शकते. आणि मग सापडलं.

नियम चौदा. कामात वापरलेला प्रत्येक पदार्थ मालकाला, मालकाच्या भाषेत, त्याला नीट समजेल असा लेखी कळवावा आणि त्याखाली त्याची सही घ्यावी. वागळेबाईंनी माझा रकाना वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं (त्यांना अर्थातच पहिल्या नजरेत कळलं होतं, त्या स्वतः तीस वर्षं तेच करतायत) आणि विचारलं, "हे अध्यक्षांना समजलंय?" मी म्हटलं, त्यांना पाच लिटर हवंय. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "सविता, तुमचं काम शंभरातलं आहे. पण मालकापासून लपवलेलं काम आम्ही पास करू शकत नाही. आज आमच्यासमोर सांगा, सही घ्या. नाही तर अर्ज परत, आणि पुढचा अर्ज तीन वर्षांनी."

आता तुला वेगळं सांगायला नको की माझे पाय का जड झाले. दुसऱ्या कोणाला हा नुसता गमतीचा अवघड प्रसंग वाटेल. पण थुंकी हा शब्द आपल्या माणसांसाठी साधा नाही गं. थुंकायचं तर गळ्यात मडकं बांधून हिंडायला लागायचं, अशा गोष्टी तूच मला सांगितल्यास, आणि सांगताना तुझा आवाज कसा व्हायचा तेही मला ऐकू येतं. आणि मी, पगाऱ्यांची मुलगी, आठ दिवस पडद्याआड बसून त्यांच्या देवाला तेच लावलं होतं. मला भीती वाटली, हे खरं. नोकरी जाण्याची वाटली त्याहून जास्त आप्पांचा चेहरा बदलताना बघण्याची वाटली. आणि भीती वाटली म्हणून स्वतःचा रागही आला. रागाचा एक फायदा असतो, पाय हलतात.

मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पासाहेब, ते द्रावण म्हणजे माझी थुंकी आहे."

सहादू झाडू उलटा धरून उभा होता. चिटणिसांना शांतता सहन होत नाही, ते म्हणाले, म्हणजे शबरीच्या उष्ट्या बोरांसारखंच की हो! चांगल्या मनानं म्हणाले बिचारे, पण मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते फाइल चाळायला लागले. (शबरीला कोणी तीन प्रतींत अर्ज भरायला लावला नव्हता. आणि मी भक्तीनं गेले नव्हते, पदविका घेऊन गेले होते.) आप्पा वामनाकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "थुंकीला आमची हरकत नाही. काम चांगलं होतंय हे दिसतंय. पण ट्रस्टच्या घटनेत कलम आहे. देवाच्या अंगाला लागेल ते सोवळ्यातलं असावं. तेव्हा यापुढे थुंकी माझी वापरा."

मी काही म्हणायच्या आत बागचीबाबूंनी टाळीच वाजवली. वागळेबाईंनी त्यांना भाषांतर करून सांगितलं होतं आणि त्यांना त्यात धर्म वगैरे काही दिसलाच नाही, फक्त तुलनात्मक चाचणी दिसली. नरसिंहाच्या चित्राच्या खालच्या पट्टीवर तीन बारके चौकोन आखायचे, एकात माझी, एकात आप्पांची, एकात नुसतं शुद्ध पाणी, आणि निकाल कागदावर. असं आमच्या धंद्यात कोणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणाले, आपण पहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पा गोदेवर स्नान करून, रेशमी मुकटा नेसून, उपाशीपोटी येऊन पाटावर बसले. समोर चांदीची वाटी. आणि आत्या, वाटीत काही पडेना. एक तर रक्तदाबाची गोळी, तिनं तोंड कोरडं पडतं. त्यात कवळी. त्यात सहा माणसं वाकून वाटीत बघतायत. तुला सांगते, सहा माणसांनी वाटीत बघितलं तर समुद्र प्यायलेल्या अगस्तींनासुद्धा जमलं नसतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आप्पांच्या कपाळावर घाम आला, वाटी कोरडीच. शेवटी सहादूला राहवलं नाही. म्हणाला, "आप्पा, चिंच आठवा. हिरवी, आकडेवाली. वरून मीठ लावलंय." आप्पांनी डोळे मिटले. सहादू चिंचेवरून कैरीवर गेला, कैरीवरून आवळ्यावर, आणि असं रसभरीत बोलला की चिटणिसांनी दोनदा आवंढा गिळला. बागचीबाबूंना एक अक्षर कळत नव्हतं तरी त्यांनी रुमाल काढला. अखेर वाटीत अर्धा चमचा जमला.

कापूस मीच फिरवला, तिन्ही चौकोनांत सारखा, वीस-वीस वेळा, वागळेबाई मोजत होत्या. पाण्याच्या चौकोनात फारसं काही झालं नाही. माझ्या चौकोनात नरसिंहाच्या आसनाची सोनेरी किनार निघाली. आणि आप्पांच्या चौकोनात काजळी होती तिथंच राहिली, वर एक तपकिरी झाक आली. चाळीस वर्षं रोज दोन्ही जेवणांनंतर कात-सुपारी, आत्या. ती काय एका स्नानानं जाते?

मला तिथं हसायला यायला हवं होतं, पण आप्पांचा चेहरा बघून नाही आलं. त्यांनी भिंग मागितलं. बागचीबाबूंनी ते हातात द्यायला पुढे केलं, तर आप्पांनी ते थेट हातातूनच घेतलं, टेबलाची आठवणही झाली नाही. खाली वाकून त्यांनी तिन्ही चौकोन बघितले, मग परत पहिल्यापासून बघितले. मग मला विचारलं, "हा माझा डाग निघेल?" मी म्हटलं, निघेल. "कशानं?" मी काडीला नवा कापूस गुंडाळला. त्यांनी मान हलवली. तेव्हा मी पडदा न लावता, सगळ्यांसमोर, काडी तोंडात ओली करून आप्पांचा डाग माझ्या थुंकीनं पुसून काढला. पाच मिनिटांत दोन्ही चौकोन सारखे झाले.

आप्पांनी कागद मागवला आणि नियम चौदाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "वाचले. समजले. हरकत नाही. छत्री उत्तम आली आहे." खाली सही, आणि तारीख शकातली. बागचीबाबूंनी अहवालात लिहिलं की अर्जदाराची लाळ उत्तम प्रतीची आहे. आजवर माझ्या शिक्षणाला, स्वयंपाकाला, दिसण्याला कोणी इतका चांगला लेखी शेरा दिलेला नाही. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवलीय, पण भिंतीवर लावावी की नाही हे ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले तर टेबलावर लिंबाच्या लोणच्याची बरणी. आप्पांच्या घरची. मी म्हटलं, आप्पासाहेब, कामाच्या वेळी मला लोणचं खाता येत नाही, मीठ-तेल चित्राला लागेल. ते म्हणाले, "खायला कोण सांगतंय? समोर ठेवा आणि बघा." तर आता असं आहे, मी नरसिंहाकडे एकदा बघते, बरणीकडे एकदा बघते, आणि द्रावण कमी पडत नाही. विंचूरच्या रंगाऱ्याला त्यांनी कळवून टाकलंय की चमकी नको.

तर असं सगळं छान झालं. तुला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. किशोरदादाला आणि वहिनींना जयभीम, नवसाबाईला नमस्कार, आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
सविता

ता. क. सगळं छान झालं असं वर लिहिलंय, त्यात एवढाच फरक की प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. परीक्षकांनी शिफारस केलीय, पण दहा मार्चला ते नरसिंह पुरा झालेला बघायला परत येणार, मग सही. आणि परवा माझी अक्कलदाढ काढली. तीन टाके पडलेत, औषधांनी तोंड कोरडं ठक्क झालंय, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की तीन आठवडे तोंडात काडी, कापूस काहीही घालायचं नाही. आज तारीख पंधरा, आणि लहानशा वामनालाच आठ दिवस लागले होते. तू हिशेब कर.

ता. क. दोन. नियम चौदा, म्हणून आप्पांना लगेच जाऊन सांगितलं. म्हटलं, मुंबईहून बाटलीतलं रसायन मागवते, ते जवळपास तसंच असतं. आप्पा म्हणाले, बाहेरचं नको. सहादूनं स्वतःचं नाव सुचवलं, त्याला चुन्यासकट बाहेर पाठवलं. मग बराच विचार करून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घराण्यात आणखी कोणी आहे का? आम्हाला त्याच घराण्यातली हवी." अकरा दिवसांपूर्वी मुकटा नेसून पाटावर बसलेला माणूस, आत्या! त्यांच्या देवाला आता आपलं घराणं लागतंय. मी घरी येऊन इतकी हसले की एक टाका सैल झाला. आणि तिथून निघण्याआधीच मी तुझं नाव देऊन बसले होते.

ता. क. तीन. तेव्हा ये गं. तुझ्यासारखं तोंडाला पाणी सुटणारं माणूस आपल्यात दुसरं नाही, जेवणाच्या गोष्टी करताना तू पदरानं ओठ टिपतेस हे सगळ्यांनी बघितलंय. काम काही नाही. खुर्चीवर बसायचं, बरणीकडे बघायचं, कापूस ओला करून द्यायचा, पुसायचं मी बघेन. गुडघ्याला इथं चांगला डॉक्टर आहे, त्याला दाखवू. किशोरदादाला सांग, सोमवारच्या गाडीत बसवून दे, मी स्टेशनवर येते. फक्त एक, मिसरी आजपासून बंद. आणि बंद केलीस का ते मला खरं सांग, कारण ते मला लेखी द्यायचंय.

ता. क. चार. तू नाही म्हणशील म्हणून कालच्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल सोबत जोडतेय.

'ठराव क्र. ९. श्रीनरसिंह व उर्वरित चित्रांच्या स्वच्छतेकामी श्रीमती वत्सलाबाई रामजी दोंदे, रा. इगतपुरी, यांना ट्रस्टतर्फे सन्मानाने पाचारण करावे, व त्यांची राहण्या-जेवणाची सोय अध्यक्षांच्या घरी व्हावी, असे एकमताने ठरले. सूचक, अध्यक्ष.'

आडनावात चूक असेल तर आत्ताच कळव. बाकी मजकूर चिटणिसांचा आहे. 'श्रीमती' आणि 'सन्मानाने' हे दोन शब्द आधी नव्हते, ते आप्पांनी स्वतः वर बाण काढून घातलेत.